पहिला श्वास भरणाऱ्याचा

डोंबिवलीत स्कुबाचे सिलिंडर भरून मिळतात असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर. समुद्र शोधत असावा. आमच्याकडे समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण विहिरीचा मोटार-पंप विहिरीत बनत नाही, तसंच हे.

आमचा गाळा डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत. एक कॉम्प्रेसर, एक चाचणीचं यंत्र आणि दारात कायम उभे असलेले रंगीबेरंगी बाटले. सिलिंडरला आमच्या धंद्यात बाटला म्हणतात. आग विझवायचे बाटले, सोड्याचे बाटले, वेल्डिंगचे बाटले, आणि गेली काही वर्षं पाण्याखाली जाणाऱ्यांचे बाटले. यांच्यात माझी एकतीस वर्षं गेली. आता गाळा मुलगी बघते आणि मी फक्त चहा प्यायला जातो, असं ती म्हणते. मी तपासायला जातो, असं मी म्हणतो.

काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंडांची हवा असते. स्कुबाच्या बाटल्यात तीन हजार. तो फुटला तर गाळ्याचं छप्पर शेजारच्या आळीत सापडेल. म्हणून ठरावीक वर्षांनी त्याची चाचणी घ्यायची. बाटल्यात पाणी भरून तो पाण्याच्याच मोठ्या भांड्यात बंद करायचा, आतून दीडपट दाब द्यायचा, आणि तो किती फुगला, दाब काढल्यावर किती परत आला, ते मोजायचं. लोखंड असो की अॅल्युमिनियम, थोडं फुगतंच. फुगून परत येतो तो बाटला चांगला. परत येत नाही तो बाद. बाद झालेल्याला करवतीनं आडवा कापायचा, म्हणजे कुणी रंग लावून पुन्हा विकायला नको.

रंग लावून आणणारे भेटतातच. एकदा एका किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यात उतरवणारा एक गृहस्थ आला. बाटल्याला नवाकोरा पिवळा रंग, आणि मानेवर जिथे चाचणीचा शिक्का असतो तिथे कानस मारलेली. मी म्हटलं, "हा बाद आहे." तो म्हणाला, "काका, तुमच्या शिक्क्यासाठी तर आणलाय. नाहीतर कशाला आलेलो इतक्या लांब?" मी चाचणी लावली, बाटला गेला, मी करवत काढली. त्यानं मला जे काही ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आणि प्रत्येक नवं गिऱ्हाईक एक वाक्य हमखास बोलतं, "काका, ऑक्सिजन भरून द्या." अहो, ऑक्सिजन नसतो त्यात. तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा असते, गाळून, सुकवून, दाबून भरलेली. मानपाड्याची हवा. हे ऐकल्यावर काहींचा चेहरा उतरतो. एकानं तर विचारलं होतं, "लोणावळ्याची नाही का मिळत?"

अशा गिऱ्हाइकांत एक दिवस प्रमिला भोईर आली. वय चाळीसच्या आतलं, जुनी व्हॅन, मागे चार बाटले रबराच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेले. तिथेच मी तिला अर्धे मार्क देऊन टाकले, कारण बहुतेक लोक बाटले भोपळ्यासारखे गडगडत आणतात. ती घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये स्कुबा शिकवायची. पहिले धडे तिथल्या पोहण्याच्या तलावात, मग बॅच घेऊन समुद्रावर. आता जिथे तीस-तीस मजले आहेत तिथेच खाडीकडेला तिचं गाव. वडील खाडीत मासे मारायचे. मुलगी पाण्यात जाते याचं घरात कुणाला कौतुक नव्हतं, पैसे देऊन लोकांना पाण्यात नेते याचं मात्र आश्चर्य होतं.

मी बाटले भरून दिले. तिनं विचारलं, "काका, भरलेल्या हवेतला श्वास तुम्ही घेता का कधी?"

मी हसलो. "मी? मला पोहता येत नाही."

"पोहायला कोण सांगतंय? श्वास घ्यायला सांगतेय."

तिनं रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं ते नळीचं प्रकरण, माझ्याच बाटल्याला जोडलं आणि माझ्यापुढे धरलं. मी दहा श्वास घेतले. हवा कोरडी आणि गार लागली. ती घड्याळाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आमचे बाबा बोलायचे, ज्यानं होरी सांधली त्यानं पयल्या फेरीला बसायचा. सुतार काठावर उभा राहिला, तर बाबा होरी पाण्यात घालायचेच नाय."

त्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. तिच्या प्रत्येक बाटल्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यावर तारीख, दाब, आणि खाली छापलेले दोन शब्द, 'श्वास घेतला'. त्यापुढे भरणाऱ्याची सही. सुरुवातीला मला हे नाटक वाटलं. मग सवय झाली, आणि मग अभिमान. माझं नाक तसंही तिखट. तेलाचा वास, रबराचा वास, गंजाचा वास मी बाटला उघडताच सांगायचो. बाकीचे धंदेवाले म्हणायचे, कांबळेच्या नाकाला सरकारी परवाना द्या.

बाटले पोचवायला मी मुद्दाम स्वतः जायचो. शीळफाट्याची ती वाहतूक ओलांडून घोडबंदरला जाणं म्हणजे शिक्षा. पण तिला शिकवताना बघायला मिळायचं. मला वाटतं, माणूस आपल्या कामात किती पक्का आहे हे तो 'नाही' कसा म्हणतो त्यावरून कळतं. एका बिल्डरचा भाचा तिच्याकडे होता. अंगानं दणकट, पोहण्यात वाघ. फक्त एक गोष्ट त्याला जमेना. पाण्याखाली डोळ्यांवरचा मास्क पाण्यानं भरू द्यायचा आणि न घाबरता नाकानं हवा सोडून तो रिकामा करायचा. तो दर वेळी धडपडत वर यायचा. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, सही करून टाका ना. समुद्रात कोण मास्क भरून घेणारे? दुसरीकडे एका दिवसात देतात सर्टिफिकेट."

"मग दुसरीकडे जा," प्रमिला शांतपणे म्हणाली. "माझी सही घेतलीस, की तू खाली घाबरशील तेव्हा मी घरी जेवत असले तरी जबाबदार मीच."

तो गेला. पंधरा दिवसांनी परत आला आणि तोंड वेंगाडून मास्क भरायला लागला.

तिचा आणखी एक नियम मला फार आवडायचा. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा असतात. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'शाब्बास' नाही. 'मला वर जायचंय' असा. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना सांगायची, "अंगठा कुणीही दाखवायचा. कारण सांगायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. एकाचा अंगठा म्हणजे सगळ्यांनी वर." मी मनात म्हणायचो, हा नियम आमच्या वसाहतीतल्या कारखान्यांना लावला तर किती जण घरी धड जातील!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

सहा-सात वर्षं झाली असतील. तिच्या बॅचमध्ये सहा जण होते. त्यांत शुभांगी देसाई नावाच्या बाई, वय बावन्न. मुलानं वाढदिवसाला कोर्सची फी भरून दिलेली. पहिल्या दिवशी त्या तलावाच्या कठड्याला इतक्या घट्ट धरून उभ्या होत्या, की वाटलं कठडा घेऊनच घरी जातील. तिसऱ्या आठवड्यात त्याच बाई तळाशी मांडी घालून बसायला लागल्या. बाटल्याची चिठ्ठी त्या रोज वाचायच्या. "या 'श्वास घेतला'पुढे सही कोण करतं हो?" असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रमिलानं त्यांना बाबांच्या होडीची गोष्ट सांगितली आणि माझ्याकडे बोट केलं. बाईंनी मला चक्क नमस्कार केला. मी कॉलर नीट केली.

शनिवारी सकाळचा वर्ग, म्हणून बाटले शुक्रवारी भरायचे. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात शुक्रवार सुट्टीचा, आणि दुरुस्तीसाठी वीजही त्याच दिवशी जाते. शेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्याकडे जुना जनरेटर होता. अडल्यानडल्याला ते मला लाइन देत. त्या शुक्रवारीही दिली. माझा एक नियम होता, मीच लाल रंगानं भिंतीवर लिहिलेला: 'कॉम्प्रेसर चालू करण्याआधी हवेच्या पाइपाभोवती फेरी.' कॉम्प्रेसर बाहेरची हवा ज्या पाइपातून ओढतो, त्याचं तोंड गाळ्यामागे होतं. तिथे कुणी कचरा जाळतंय का, टेम्पो चालू ठेवून उभा केलाय का, हे डोळ्यांनी बघून यायचं. त्या दिवशी मी फेरी मारली नाही. का? मागे चिखल होता आणि मी नवीन चपला घातल्या होत्या. इतकंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

दहा बाटले भरले. पहिल्यातून दहा श्वास घेतले. हवा अशी स्वच्छ, की मीच खूश. त्याच आठवड्यात नवीन फिल्टर बसवला होता. मग दहाही चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. प्रत्येक बाटल्यातून श्वास घ्यायचा रिवाज होता, पण गेले काही महिने मी पहिल्यातूनच घेत होतो आणि सह्या सगळ्यांवर करत होतो. हे कुणाला माहीत नव्हतं.

शनिवारी मी तलावाकाठी खुर्ची टाकून बसलो होतो. वर्ग सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. देसाईबाईंनी पाण्याखाली अंगठा वर केलेला मला काठावरूनही दिसला. प्रमिला त्यांना घेऊन वर आली.

"काही नाही हो, डोकं जरा ठणकतंय," बाई ओशाळून म्हणाल्या. "शनिवारचा उपास आहे ना. तुम्ही चालू ठेवा, मी बसते."

मलाही वाटलं, उपासच. बावन्न वर्षांची बाई, पोटात साबुदाणा. पण प्रमिलानं तिच्या नियमाप्रमाणे पाना उचलला आणि लोखंडी शिडीवर ठोके मारले. ती सगळ्यांना वर बोलवायची खूण. तिचा सहायक पाचही जणांना वर घेऊन आला. तिनं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "डोकं कसंय?" एक पोरगा म्हणाला, "जड आहे थोडं." दुसऱ्यानं काठावर येऊन उलटी केली.

मी प्रमिलाचा चेहरा पाहिला. तिनं आधी स्वतःच्या कपाळाला हात लावला, मग बाटल्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. ती दर वर्गाला ऑक्सिजनचा एक वेगळा बाटला पेटीत घालून आणायची. सोसायटीचे लोक त्यावरून हसायचे, की साडेतीन मीटरच्या तलावात एवढा थाट कशाला? ती पेटी तिनं उघडली, देसाईबाईंच्या तोंडाला मास्क लावला आणि सहायकाला सांगितलं, "गाड्या बोलाव. सगळेच जण हॉस्पिटलात. आपण दोघंपण."

ते गेले. मी उरलो, आणि बाटले उरले. दोन अजून न वापरलेले, चिठ्ठीसकट.

कालचा जनरेटर आणि न मारलेली फेरी आठवून तोवर मला कळून चुकलं होतं. एंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. धुराला जो वास येतो तो बाकीच्या घाणीचा. माझ्या नव्याकोऱ्या फिल्टरनं ती घाण गाळून टाकली होती, आणि वास गेल्यावर उरलं ते विषच. जुना फिल्टर असता तर माझ्या नाकाला पत्ता लागला असता. ज्या नाकाचा मी टेंभा मिरवत होतो, त्याच्या भरवशावर मी आठ जणांना विष भरून दिलं होतं.

हवेचा एक गुण असा, की ती पुरावा ठेवत नाही. बाटल्याची चावी उघडली की दहा मिनिटांत हवा हवेत मिसळते. मग कोण काय म्हणणार? उपास, ऊन, तलावातलं क्लोरीन, काहीही. मी खाली बसलो आणि एका बाटल्याची चावी उघडली. फुस्स करून हवा सुटली. मी उघडली हे लिहायला आजही नको वाटतं, पण लिहितो.

तेवढ्यात फोन वाजला. प्रमिला होती. ॲम्ब्युलन्सचा आवाज मागे ऐकू येत होता.

"काका, ते दोन बाटले तुमच्या ताब्यात ठेवलेत. कुणाला हात लावू देऊ नका. आत काय हाय ते सगळ्यांना कळलं पायजे." आणि मग, "तुम्ही ठीक आहात ना? तुम्हीपण घेतलेला ना काल श्वास?"

मी चावी बंद केली. "ठीक आहे," म्हटलं.

हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि जे निघायचं तेच निघालं. सगळ्यांना ऑक्सिजन दिला. संध्याकाळपर्यंत बाकी सगळे घरी गेले. देसाईबाईंना एक रात्र ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास पाण्यात राहिल्या असत्या तर शुद्ध हरपली असती, आणि पाण्याखाली शुद्ध हरपणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उपासाच्या नावाखाली मी त्यांना तो अर्धा तास दिला असता. प्रमिलानं दिला नाही.

रविवारी सकाळी ती मानपाड्याला आली. कुठूनसा तो वायू मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. उरलेल्यांपैकी एका बाटल्याला लावलं. आकडा बघून ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग आम्ही दोघं मागे गेलो, चिखल तुडवत. शेजारच्यांनी त्याच आठवड्यात जनरेटरचं धुराडं पुढच्या बाजूनं काढून मागे आणलं होतं. त्याचं तोंड माझ्या पाइपापासून दोन हातांवर. फेरी मारली असती तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी शिव्यांची वाट बघत होतो. तिनं पर्समधून वही काढली आणि गाळ्यातल्या टेबलावर लिहायला बसली. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला आणि सोसायटीला पाठवायचं निवेदन. मी खांद्यावरून वाचलं. पहिली ओळ होती: 'हवा यंत्रानं न तपासता मी ती विश्वासावर वापरली, ही माझी चूक.'

"अगं, तुझी कसली चूक? चूक माझी आहे."

"तुमची दुसऱ्या ओळीत येते," ती म्हणाली. "सांगा."

मी फेरीचं सांगितलं. नवीन चपलांसकट. तिनं लिहिलं. मी म्हटलं, "अजून आहे." बाटल्याची चावी उघडल्याचं सांगितलं. तिचं पेन क्षणभर थांबलं, पुन्हा चालू झालं. मग मी म्हटलं, "अजून एक. श्वास मी पहिल्यातूनच घेतला. सह्या दहांवर केल्या. बरेच महिने असंच करतोय."

तिनं पेन खाली ठेवलं. चावीचं ऐकून जी हलली नव्हती, तिचे डोळे आता भरून आले. "काका, ती चिठ्ठी मी रोज पोरांना वाचून दाखवायची," ती एवढंच म्हणाली. मग तिनं वही माझ्याकडे सरकवली. "हे तुम्ही लिहा. तुमच्या हातानं."

प्रत्येकातून श्वास घेतला असता तरी मला तेव्हा काही कळलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण सही खोटी होती ती होतीच.

बुधवारी क्लबहाउसमध्ये सगळ्यांना बोलावलं. सहाही शिकणारे, त्यांचे घरचे, सोसायटीचे लोक. प्रमिलाच्या ओळखीतले एक-दोन शिकवणारे तिला सांगून गेले होते, "गप्प बस. कुणाला काय कळणारे? तक्रार कुणी केलेली नाही." तिनं उभं राहून निवेदन वाचलं, एक शब्द न गाळता. माझा भाग आला तेव्हा थांबली. "हे कांबळेकाका वाचतील."

मी वाचलं. देसाईबाईंचे यजमान उठले. "माझी बायको मेली असती! आणि तुम्ही चिखलाच्या गोष्टी सांगताय?" मी मान खाली घातली. बरोबरच बोलत होते. ते पोलिसांत जायचं म्हणाले. मी म्हटलं, जा, मी पत्ता देतो.

देसाईबाई बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "माझा कितवा होता?"

"पाचवा."

"म्हणजे माझ्यातून नव्हता घेतला."

"नाही."

त्या दिवशी त्यांनी मला नमस्कारही केला नाही.

सोसायटीनं तलाव काढून घेतला. प्रमिलाचे वर्ग बंद पडले. माझं हवा भरणं थांबवलं गेलं, तपासणीला माणसं आली, आणि मी त्यांनाही निवेदनाची तीच पानं दिली. त्या दिवसांत मला राहून राहून वाटायचं, की ही बाई गप्प राहिली असती तर दोघांचंही चाललं असतं. हे मी तिला एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "चाललं असतं ना. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

पाइप छपराच्या वर नेला. कॉम्प्रेसरला वायू मोजायचं यंत्र बसवलं. आकडा वाढला तर मशीन आपोआप बंद. तेव्हा कुठे हवा भरायची परवानगी परत मिळाली. प्रत्येक बाटल्याचा आकडा चिठ्ठीवर. तरी 'श्वास घेतला' हे दोन शब्द प्रमिलानं काढले नाहीत. मी म्हटलं, "आता यंत्र आहे, कशाला?" ती म्हणाली, "यंत्र हवेसाठी. श्वास तुमच्यासाठी."

पाच-सहा महिन्यांनी तिला कल्याणमध्ये एक तलाव मिळाला. जुन्या सहांना तिनं निरोप धाडले, फी न घेता पुढचं शिकवीन म्हणून. चार आले. त्यांत देसाईबाई होत्या. यजमान बरोबर, हाताची घडी घालून.

मी बाटले उतरवले. आकडे दाखवले. प्रत्येकातून दहा श्वास त्यांच्यासमोर घेतले, देसाईबाईंच्यातून वीस. त्या चिठ्ठी वाचत होत्या. मग म्हणाल्या, "कांबळे, तुमच्या मॅडमनी होडीची गोष्ट सांगितली होती. सुतार कुठे बसायचा?"

"होडीत."

"आणि तुम्ही इतकी वर्षं श्वास कुठे घेताय?"

प्रमिला माझ्याकडे बघत होती, पण सुटका करायला पुढे आली नाही. मी म्हटलं, "बाई, मला पोहता येत नाही."

"मलापण येत नव्हतं," बाई म्हणाल्या.

तलावाच्या ऑफिसातून हाफ पँट मागून आणली. माझ्या पायांच्या काड्या बघून पोरं हसली, हसू दे. उथळ बाजूला, छातीभर पाण्यात, प्रमिलानं माझ्या पाठीला बाटला बांधला. मीच भरलेला, माझ्याच सहीचा. देसाईबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आम्ही खाली बसलो. पाणी डोक्यावरून गेलं आणि मला पहिल्यांदा समजलं, की मी जे भरून देतो त्याशिवाय या माणसांकडे इथे दुसरं काहीही नसतं. काठावर दहा श्वास घेताना मला हे कधी समजलं नव्हतं. काठावर श्वास संपला तर दुसरा होताच की बाहेर! अंगठा वर करावा असं दर श्वासाला वाटत होतं, आणि कुणी कारण विचारणार नाही हेही माहीत होतं. दहा मोजले. मग वर आलो.

देसाईबाईंनी तोंडातली नळी काढली. "कशी आहे हवा?"

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

"चांगली आहे," मी म्हटलं.

"मग मी जाते," त्या म्हणाल्या आणि प्रमिलाच्या मागोमाग खोल बाजूला गेल्या.

प्रमिलाचा सहायक म्हणाला, "काका, झालं, या आता बाहेर." मी आलो नाही. तिथेच छातीभर पाण्यात, दातावर दात आपटत, त्यांचे बुडबुडे बघत उभा राहिलो. वर्ग संपला, बाई वर आल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं मास्क काढला आणि डोकं ठीक असल्याचं सांगितलं. मग मी बाहेर आलो.